खरी नक्कल

आमच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. विषय विरुद्धार्थी शब्दांचा. फळ्यावर मी आधी 'खरे × खोटे' लिहिले आणि त्याखाली 'अस्सल × नक्कल'. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, अब्बूंच्या पेटीत जुना सातबारा आहे. त्याच्यावर शिक्का आहे, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. नक्कल खरी कशी असेल?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. "उद्या सांगतो," म्हणालो. ते 'उद्या' बरेच लांबले. शब्दकोश काढले, जुने कागद काढले, आणि शोधता शोधता माझी स्वतःची एक जुनी चूकही वर आली. ती शेवटी सांगतो. आधी शब्द पाहू.

मराठीत आपण 'नक्कल' किती तऱ्हांनी वापरतो ते बघा. कोर्टात, तहसिलीत आपण नकलेचा अर्ज करतो, नक्कल फी भरतो आणि नक्कल काढतो. इथे नक्कल म्हणजे प्रत. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा पोरगा मुख्याध्यापकांची नक्कल करतो आणि सगळे पोट धरून हसतात. इथे नक्कल म्हणजे हुबेहूब हावभाव. बाजारात नकली नोट, नकली दागिना, नकली बियाणे. इथे ती सरळ फसवणूक. आणि परीक्षेच्या खोलीत उर्दू माध्यमाची मुले ज्याला 'नक़ल' म्हणतात त्याला मराठी माध्यमाची मुले 'कॉपी' म्हणतात. एकाच शब्दाला सरकारी शिक्क्याचा मान आहे आणि चोरीचा डागही आहे.

हा शब्द अरबी आहे. नून, क़ाफ़, लाम ही त्याची तीन मुळाक्षरे. अरबीत 'नक़्ल'चा पहिला अर्थ प्रत नाही, सोंग नाही आणि खोटेपणा तर नाहीच. पहिला अर्थ आहे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणे. ओझे नेणे, सामान हलवणे, बिऱ्हाड हलवणे. उर्दूत हा अर्थ अजून जिवंत आहे. एक गाव सोडून दुसरीकडे राहायला जाण्याला 'नक़्ल-ए-मकानी' म्हणतात. वाहतुकीला 'नक़्ल-ओ-हमल' म्हणतात. बदली झालेला, हस्तांतर झालेला तो 'मुन्तक़िल'. आणि आपल्या घराघरांत माणूस गेल्यावर जो शब्द उच्चारला जातो, 'इंतिकाल', तोही याच मुळातून आला आहे. इंतिकाल म्हणजे संपणे नव्हे, इथून तिथे जाणे. (नक्शा, नकाशा, नक्षीकाम हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांचे मूळ वेगळे, 'नक़्श'.)

म्हणजे लिहिलेला मजकूर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेणे ही मुळात एक वाहतूक आहे. मजेची गोष्ट अशी की आपल्या मराठीचे स्वतःचे क्रियापदही तेच चित्र दाखवते. आपण म्हणतो, "वहीत उतरवून घे." पोथी उतरवतात, गाणे उतरवून घेतात, आणि सातबाऱ्याचा 'उतारा' मिळतो. डोक्यावरचे ओझेही आपण उतरवतोच. अरबीने ओझे उचलण्याकडे पाहिले, मराठीने ते खाली ठेवण्याकडे. दोन्हीत मधला माणूस हमाल आहे, मालक नव्हे. माल वाटेत सांडू द्यायचा नाही, त्यात आपले काही मिसळायचे नाही, आणि ज्याचा आहे त्याच्यापर्यंत पोचवायचा. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात.

हे ओझे किती जड वाटायचे याची एक गोष्ट इस्लामी इतिहासाच्या अगदी सुरुवातीला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे निधन 632 मध्ये झाले. त्यानंतर थोड्याच काळात यमामाची लढाई झाली आणि तीत कुरआन तोंडपाठ असलेले अनेक जण कामी आले. हजरत उमर (रजि.) यांना चिंता वाटली. त्यांच्या आग्रहावरून पहिले खलिफा हजरत अबूबकर (रजि.) यांनी जैद बिन साबित (रजि.) या तरुणाला बोलावले. जैद हे प्रेषितांच्या हयातीत वह्य लिहून घेणाऱ्यांपैकी होते. खजुरीच्या झावळ्या, पातळ दगड, चामड्याचे तुकडे, शिवाय लोकांची पाठांतरे, हे सगळे गोळा करून कुरआन एका ठिकाणी लिहून काढायचे काम त्यांच्यावर आले. पुढे जैद यांनी जे सांगितले ते बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे. त्याचा आशय असा की मला एखादा डोंगर हलवायला सांगितले असते तर तेही या कामाइतके जड वाटले नसते. आणि तिथे डोंगर 'हलवणे' यासाठी अरबी शब्द कोणता आला आहे? 'नक़्ल'. हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या वर्गातली मुलगी विचारत होती ते सगळे त्या एका शब्दात होते.

जैद यांनी निव्वळ आठवणीवर विसंबून लिहिले नाही आणि निव्वळ लेखी तुकड्यावरही नाही. एकाची दुसऱ्याशी गाठ घातली, साक्षीदार मागितले. पुढे तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात (644 ते 656) वेगवेगळ्या प्रांतांत पठणावरून वाद होऊ लागले. तेव्हा हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे जपून ठेवलेली पाने मागवण्यात आली, जैद आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावरून प्रती केल्या, त्या प्रमुख शहरांना पाठवल्या, आणि मूळ पाने हफ्सा यांना परत केली. काम झाल्यावर अस्सल ज्याची त्याला परत गेली, याकडे लक्ष द्या. नक्कल करणाऱ्याचा अस्सलवर हक्क नसतो.

पुढच्या दोन-तीन शतकांत कागद आला. समरकंदकडून कागद बनवण्याची कला बगदादपर्यंत पोचली आणि प्रती करणाऱ्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. त्यांना 'वर्राक़' म्हणत. वर्राक़ कागद विकायचा, पुस्तके उतरवून द्यायचा आणि विकायचा. दहाव्या शतकातला इब्न अन-नदीम हा असाच बगदादचा वर्राक़. त्याने 987 च्या सुमारास 'अल-फिहरिस्त' नावाची पुस्तकांची मोठी यादी तयार केली. त्यातली कितीतरी पुस्तके आज नष्ट झाली आहेत, पण ती होती हे आपल्याला या नकला करणाऱ्या दुकानदारामुळे कळते. याच यादीत ग्रीक, फारसी, संस्कृत अशा भाषांतून अरबीत ग्रंथ आणणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्या अनुवादकांना तो 'नक़ला' म्हणतो, म्हणजे नक़्ल करणारे, वाहून आणणारे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अर्थ नेणे हीसुद्धा नक़्लच. आमच्यासारख्या दोन भाषांच्या मास्तरांना ही व्याख्या बरी वाटते.

पण हमाली आली की सांडणेही आले. अरबी, फारसी, उर्दू लिपीत नुक्त्याला, म्हणजे टिंबाला फार किंमत आहे. वरचा नुक्ता खाली गेला की 'ख़ुदा'चा 'जुदा' होतो. एक नुक्ता जास्त पडला की 'महरम', म्हणजे घरचा माणूस, 'मुजरिम' होतो. लिहिणारा दमलेला असतो, ओळ सुटते, शब्द पुढेमागे होतो. म्हणून हदीसच्या विद्वानांनी नकलेबरोबर दुसरे एक काम सक्तीचे केले. त्याला 'मुक़ाबला' म्हणत. आज मराठीत मुकाबला म्हणजे सामना, पण शब्दशः त्याचा अर्थ समोरासमोर ठेवणे असा आहे. प्रत अस्सलसमोर ठेवायची, एकाने वाचायचे, दुसऱ्याने पाहायचे. बगदादचे हदीसचे विद्वान खतीब अल-बगदादी (मृत्यू 1071) यांनी एक साधी पद्धत सुचवली होती. दोन हदीसींच्या मध्ये एक वर्तुळ काढायचे आणि ते रिकामे ठेवायचे. मजकूर अस्सलशी ताडून पाहिला की त्या वर्तुळात टिंब द्यायचे. रिकामे वर्तुळ म्हणजे नक्कल झाली, तपासणी बाकी. टिंब असलेले वर्तुळ म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.

इस्लामी विद्यांचे जुन्या मदरशांत दोन भाग करत, 'मनक़ूल' आणि 'माक़ूल'. मनक़ूल म्हणजे नक़्ल होऊन आलेले, पिढ्यांनी पोचवलेले ज्ञान. माक़ूल म्हणजे अक्कल चालवून मिळवलेले. 'नक़्ल के लिए भी अक़्ल चाहिए' ही म्हण आपण परीक्षेत पकडल्या गेलेल्या पोराला टोमणा म्हणून ऐकवतो. पण तिचा सरळ अर्थ घेतला तर तीत मोठी शिकवण आहे. पोचवणाऱ्यालाही डोके वापरावे लागते.

आता आपल्या मुलखात येऊ. 1347 मध्ये दख्खनमध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली आणि पुढची काही शतके फारसी ही दरबारची भाषा राहिली. पण गावचा हिशेब, महसूल, वतनाचे कागद लिहिणारे हात बहुतेक मराठी होते. कुलकर्णी, देशपांडे आणि दफ्तरातले कारकून यांच्या लेखणीतून कागद, दफ्तर, दाखला, अस्सल, नक्कल हे शब्द मराठीत रुळले. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. तरीही दफ्तर दफ्तरच राहिले आणि नक्कल नक्कलच. आज ती शेतकऱ्याच्या तोंडी इतकी मराठी आहे की तिला परकी म्हणणेच परके वाटते.

आणि नकलेची जबाबदारी ओळखणारे फक्त अरबस्तानात होते असे कोणी समजू नये. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली तेव्हा ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा होते. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली. दर उतरवण्यात काही सांडले, काहींनी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. तेव्हा पैठणचे संत एकनाथ यांनी वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पुढे कोणी यात स्वतःची ओवी घालू नये असेही बजावले. एकनाथ स्वतः मोठे कवी होते, त्यांना ओव्या सुचत नव्हत्या असे नाही. पण त्या कामात त्यांनी आपला कवी बाजूला ठेवला आणि नक्कल करणाऱ्याची नम्रता पत्करली. बगदादच्या मुक़ाबल्याचे आणि पैठणच्या या कामाचे नाते शब्दांचे नसेल, पण नियत एक आहे.

आता त्या शिक्क्याकडे. 'बरहुकूम' म्हणजे हुकमाप्रमाणे, त्याबरहुकूम, तसेच्या तसे. म्हणून 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' म्हणजे अस्सलाप्रमाणे असलेली, सचोटीने पोचवलेली प्रत. पण जुन्या नकलांवर याहून महत्त्वाचा एक शब्द खाली कोपऱ्यात असतो आणि आपण तो वाचत नाही. नक्कल करणाऱ्याची सही असते, आणि शेजारी 'रुजू' किंवा 'रुजवात घेणार' म्हणून दुसऱ्या माणसाची. रुजवात म्हणजे ताडून पाहणे, तोच मुक़ाबला. 'रुजू' हाही अरबी, 'रुजूअ'पासून आलेला. अर्थ, परत वळणे. रजेवरून आलेला शिक्षक कामावर रुजू होतो तो हाच शब्द. नक्कल म्हणजे अस्सलापासून दूर नेणे आणि रुजू म्हणजे अस्सलाकडे परत येणे. नेलेली वस्तू परत येऊन भेटली की नक्कल खरी होते. विरुद्धार्थी शब्दांच्या तासाला मी फळ्यावर जे लिहिले होते ते म्हणूनच चुकले होते. नकलेचा विरोध अस्सलाशी नाही, रुजवात न झालेल्या नकलेशी आहे.

मृत्यूची खबर ऐकताच आपण जे अरबी वाक्य म्हणतो त्याचा शेवटचा शब्द 'राजिऊन'. परत जाणारे. तोही याच मुळातला. इंतिकाल आणि राजिऊन, नक्कल आणि रुजू. तहसिलीच्या कारकुनाच्या कोपऱ्यातल्या दोन सह्यांमध्ये आणि आपल्या घरातल्या सर्वांत जड घटकेला उच्चारल्या जाणाऱ्या दोन शब्दांमध्ये मुळे एकच आहेत. मी यातून काही मोठे तत्त्व काढत नाही. फक्त शब्द किती लांबून चालत आलेत ते दाखवतो.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या मराठवाड्यातला अनुभव सांगतो. हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. 1880 च्या दशकात निजामाच्या राज्यात फारसीच्या जागी उर्दू ही सरकारी भाषा झाली. त्यामुळे आमच्याकडच्या त्या काळातल्या अनेक नोंदी उर्दूत आहेत, तारखा फसली सनात, आणि अक्षर असे शिकस्ता की लिहिणाऱ्यालाच वाचता यावे. आज ते वाचणारे फार थोडे उरलेत. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांबरोबर उर्दू वाचणाऱ्यांचीही अचानक गरज भासू लागली. ज्या भाषेच्या पाट्या पाहून काही लोकांच्या कपाळाला आठी पडायची, तिच्यातला एक शब्द मिळावा म्हणून लोक रांगेत उभे राहिले.

आमच्या गल्लीतले एक म्हातारे शेतकरी, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, एका पानाची झेरॉक्स घेऊन घरी आले. "सर, आजोबांचं नाव आहे म्हणतात. 'क़ौम'च्या रकान्यात काय लिहिलंय तेवढं सांगा." आजोबांचे नाव होते. पुढच्या रकान्यात एक शब्द होता. उर्दूत 'कुनबी' लिहिताना नून आणि बे जोडून येतात आणि त्या दोघांचे दात सारखेच दिसतात. फरक एवढाच, नूनला नुक्ता वर आणि बेला खाली. झेरॉक्समध्ये एकही नुक्ता दिसत नव्हता. नाना म्हणाले, "कुणबीच असणार की. तुम्ही लिहून द्या, सर."

मी म्हणालो, अस्सल पाहिल्याशिवाय नाही. नानांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले मी टाळतोय. दोघे मिळून गेलो, मूळ वही पाहायला मिळाली. खालचा नुक्ता स्वच्छ होता. वरच्या नुक्त्याच्या जागी कसरीने खाल्लेले भोक होते. पण त्याच पानावर आठ ओळी खाली त्याच हाताने लिहिलेला तोच शब्द होता, दोन्ही नुक्त्यांसह, आणि वळण हुबेहूब तेच. मी मराठीत लिप्यंतर करून खाली जसेच्या तसे लिहिले: एक नुक्ता दिसतो, दुसऱ्याच्या जागी भोक आहे, खालच्या अमुक ओळीतला शब्द याच वळणाचा आहे. निर्णय ज्यांचा त्यांनी घ्यावा. नाना काही महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांना एक शब्द हवा होता, मी त्यांना तीन ओळी दिल्या. मला वाईट वाटले, पण एका शब्दात मी माझी ओवी घातली असती तर उद्या कोणी ती वही उघडली असती, आणि नानांबरोबर माझ्यानंतर उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकावर संशय आला असता.

आता माझी चूक.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेने जुने उर्दू जनरल रजिस्टर मराठीत नव्याने लिहायला काढले होते. अक्षर बरे म्हणून काम माझ्याकडे आले. दिवसाला दोनशे नावे उतरवायचो. 'शब्बीर' आणि 'बशीर' ही नावे उर्दूत लिहून पाहा. दोन्हींत तीच चार अक्षरे आहेत, शीन, बे, ये, रे. फक्त पहिली दोन मागेपुढे. एका मुलाच्या वडिलांचे नाव शब्बीर होते. मी बशीर लिहिले. रुजवात कोणी घेतली नाही. मीही नाही. शाळा सोडल्याचा दाखला त्याच रजिस्टरवरून निघाला, दाखल्यावरून पुढचे कागद निघाले.

बऱ्याच वर्षांनी तो मुलगा, आता दोन लेकरांचा बाप, माझ्या दारात उभा होता. त्याच्या वडिलांचा इंतिकाल झाला होता आणि घराच्या जागेवर वारस नोंद करायची होती. कागदोपत्री मयत शब्बीर आणि अर्जदाराचा बाप बशीर. तो चिडलेला नव्हता. एवढेच म्हणाला, "सर, मैं अपने ही बाप का बेटा नहीं हूँ, ऐसा बोल रहे हैं." त्याला ठाऊक नव्हते की ते अक्षर माझे आहे. मी सांगितले.

अस्सल शोधावी लागली. जुने उर्दू रजिस्टर शाळेच्या अडगळीच्या कपाटात होते, कडा वाळवीने खाल्लेल्या. पान सापडले. शीन आधी, बे नंतर, तिन्ही नुक्ते जागेवर. कुणा जुन्या मौलवीसाहेबांनी शांतपणे लिहिलेले. शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. प्रस्ताव मी स्वतः लिहिला, चूक माझी असल्याचे त्यात नमूद केले, सोबत जुन्या पानाची प्रत जोडली. नाव दुरुस्त झाले. पण तोवर त्याचे कितीतरी दिवसांचे रोज बुडाले, प्रतिज्ञापत्रे झाली, आणि घरातल्या भाऊबंदांच्या कुजबुजी झाल्या त्या कोणत्या कागदाने दुरुस्त होणार?

माझ्या मुस्लिम वाचकांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगायला नको. शेख कुठे 'शेक' होतो, कुठे आडनाव नावाआधी येते, कुठे 'बी' गळते, कुठे 'खातून' जोडले जाते. एका नावाची चार कागदांवर चार रूपे असतात आणि हल्लीच्या दिवसांत त्या चार रूपांची आपल्याला भीती वाटते. आपण याचा दोष नेहमी समोरच्या खिडकीतल्या माणसाला देतो. पुष्कळदा तो खराही असतो. पण काही वेळा ते नाव आपल्याच मास्तराने, आपल्याच शाळेत, आपल्याच भाषेतून उतरवताना सांडलेले असते. तेव्हा घरातले कागद काढा, समोरासमोर ठेवा, एकाने वाचा, दुसऱ्याने पाहा. जुन्या उर्दू शाळांच्या कपाटांतली वाळवी लागलेली रजिस्टरे रद्दीत घालू नका. ती अस्सल आहेत. अस्सल गेली की रुजू व्हायला जागाच राहत नाही.

परीक्षेतल्या कॉपीला आपण नक्कल म्हणतो, पण ती खरे तर नक्कल नव्हेच. महाराष्ट्रात परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्यासाठी 1982 पासून कायदा आहे, दरवर्षी कॉपीमुक्त अभियानही होते. ते योग्यच. कॉपी करणारा मुलगा मजकूर कुठून आणला हे लपवतो, तो बरोबर आहे का हे पाहत नाही, आणि आपला म्हणून खपवतो. खरी नक्कल करणारा नेमके उलट करतो. कुठून आणले ते सांगतो, ताडून पाहतो, आणि आपले म्हणत नाही. हदीस सांगणारा आधी सांगणाऱ्यांची साखळी सांगतो, ती याचसाठी.

त्या मुलीला मी उत्तर दिले, पण फळ्यावर नाही. वर्गात जोड्या केल्या. प्रत्येकाने पुस्तकातली दहा वाक्ये उतरवायची, उर्दूची पाच, मराठीची पाच. प्रत्येक वाक्यानंतर एक रिकामे वर्तुळ. मग वह्या अदलाबदल. एक मोठ्याने वाचतो, दुसरा पाहतो, जुळले की वर्तुळात टिंब. चूक असेल तर वर्तुळ रिकामे ठेवायचे आणि खाली दुरुस्त करून लिहायचे. पहिल्या दिवशी पन्नास मुलांत एकाचीही दहाच्या दहा वर्तुळे भरली नाहीत. त्या मुलीची सात भरली. तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "सर, तुमची पण तपासू का?" फळ्यावरची माझी दहा वाक्ये तिने पुस्तक हातात घेऊन वाचली. नऊ वर्तुळांत टिंब दिले. एक रिकामे ठेवले, आणि काय सुटले आहे ते मला दाखवले.